सोमवारचे ठिपके

माझ्या बैठकीत अडीच फूट लांबीची काचेची टाकी आहे. तिच्यात पाणी आहे, हिरवीगार झाडं आहेत, खालच्या कपाटात फिल्टर दिवसरात्र चालू आहे, आणि मासा एकही नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, मासे कुठे आहेत. मी सांगतो, झाडांमागे लपले असतील. मग तो वाकून, मान तिरकी करून शोधत बसतो. आधी मला याची गंमत वाटायची. आता मी चहा सांगायच्या निमित्ताने आत जातो आणि जरा उशिराच बाहेर येतो.

देवळीतल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. मला राग चटकन येतो. माझ्या तासाला वर्गात पंख्याचा आवाज ऐकू येतो असं सहकारी म्हणतात, आणि बरीच वर्षं मला ते कौतुकच वाटत होतं. अशा माणसाला हौस मात्र लागली ती शांत बसून बघायच्या गोष्टीची. पाण्याखाली झाडं लावायची, त्यांच्यात चार मासे सोडायचे आणि बघत राहायचं. बायको म्हणायची, तेवढा वेळ तरी तुम्ही कोणावर ओरडत नाही.

बाबा आमच्याकडे आले ते आई गेल्यावर. समुद्रपूरकडच्या आमच्या गावी ती दोघंच राहायची. आईला ताप आला. बाबांनी दोन दिवस काढा दिला, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, तिसऱ्या दिवशी गाडी करून वर्ध्याला आणलं आणि चौथ्या दिवशी ती गेली. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी ते ऐकलं, मीही शेजारी उभा राहून ऐकलं. त्यावर आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही. वावर मक्त्याने दुसऱ्याला कसायला दिलं, घराला कुलूप लावलं आणि बाबांना मी एसटीत बसवून देवळीला घेऊन आलो.

उभा जन्म वावरात गेलेला माणूस दोन खोल्यांत काय करणार? ते फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. टाकीची त्यांनी सुरुवातीला टरच उडवली. मच्छी खायची असते की बघायची, असं मला विचारलं. मग एके दिवशी खुर्ची ओढून समोर बसले, आणि त्यानंतर ती खुर्ची तिथून हलली नाही. माशांकडे त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. त्यांना झाडं दिसत होती. लांब पानांच्या झाडाला ते कांद्याची पात म्हणायचे आणि रुंद पानांच्या झाडाला पालक. तळाला रेतीखाली मी आमच्या वावरातली काळी माती घातली आहे हे कळल्यावर त्यांनी काचेला नाक लावून ती पाहिली आणि म्हणाले, ही बांधाजवळची दिसते. ती बांधाजवळचीच होती.

फिल्टरच्या बाबतीत मी आधीच बरेच घोळ घालून बसलो होतो. पहिला फिल्टर केला तो कूलरच्या मोटरीचा. आमच्या जिल्ह्यात घरोघरी कूलरची एखादी जास्तीची मोटर पडलेली असते. पाणी ती उचलते, मग फिल्टरसाठी वेगळं काय आणायचं, असं मला वाटलं. लोणच्याची बरणी घेतली, तिला भोकं पाडली, आत स्पंज कोंबला आणि मोटर जोडली. पाण्याला इतका जोर आला की गप्पी मासे एका काचेला जाऊन चिकटले आणि रेतीत विहीर पडली. एप्रिल लागल्यावर कूलरमधली मोटर जळाली म्हणून बायकोने ही काढून नेली, तेव्हा मी वरवर चिडलो आणि आतून सुटलो. दुसरा होता हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा. तो नुसत्या माशांच्या टाकीला चांगला, पण त्याच्या बुडबुड्यांबरोबर झाडांना लागणारा कार्बन डायऑक्साइड उडून जातो. पात पिवळी पडू लागली. म्हणून मी तिसरा आणला, टाकीच्या काठावर टांगायचा. तो पाणी वर ओढतो, स्पंजातून गाळतो आणि छोट्या धबधब्यासारखं परत टाकीत सोडतो. बाबा आले तेव्हा हा चालू होता.

बाबा खुर्चीतून उठून मोरीत जायचे, नळ घट्ट पिळायचे आणि परत येऊन बसायचे. थोड्या वेळाने पुन्हा उठायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, सवय नाही. फिल्टरचा आवाज आहे हा, असं समजावून सांगितलं, त्यांनी हो हो म्हटलं. अर्ध्या तासाने ते पुन्हा मोरीत उभे.

"पाणी सांडून राह्यलं न बाबू," ते म्हणाले. "मोटर बंद कर. वावर भरून जाईन."

बायको माझ्याकडे बघत होती. मला मात्र त्यात आजार दिसला नाही, फक्त आवाज दिसला. मी वर्ध्याला दुकानात गेलो. टाकीतलं पाणी तासाला किती वेळा फिरतं, आत स्पंज आणि चिनी मातीच्या नळ्या किती मावतात, पाणी परत कसं सोडलं म्हणजे झाडं हलतील पण उपटणार नाहीत, हे सगळं दुकानदार तळमळीने सांगत होता. मी त्याला एवढंच विचारलं की सगळ्यात कमी आवाज कोणाचा. त्याने कपाटात ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर काढून दिला. त्याची एक नळी पाणी खाली आणते, डब्यात ते थराथरांतून वर चढतं आणि दुसरी नळी ते टाकीत पाण्याखालीच सोडते. घरी आणून जोडला. बाबा त्या दुपारी एकदाही मोरीत गेले नाहीत. आजार बरा केल्यासारखा मी घरभर मिरवलो.

या फिल्टरची देखभाल मात्र कडक असते. वीज तासभर गेली तर चालतं, पण अर्धा दिवस गेली की बंद डब्यात हवा राहत नाही, आतलं सगळं मरतं आणि वीज आल्यावर तेच कुजकं पाणी टाकीत जातं. म्हणून मी पंख्याच्या आधी फिल्टर इन्व्हर्टरला जोडला. दर दीड महिन्याने डबा उघडायचा. आतला स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतूनच बादलीभर पाणी काढायचं आणि त्यात तो दोनदा पिळायचा. बाबा म्हणायचे तसं, नुसता खंगाळायचा. बादली धरायचं काम त्यांचं होतं. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, घाण तशीच ठेवतोस काऊन? मी शाळेतल्यासारखं सांगू लागलो: माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी असतो, स्पंजातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते झाडं खातात. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, तिच्याने हे जिवाणू मरतात. नववीच्या वर्गात एवढं सांगेपर्यंत निम्मी मुलं पेंगतात. बाबांनी बादलीतल्या तपकिरी पाण्यात बोट बुडवून वास घेतला.

"म्हणजे याच्यात जित्ती माती हाय," ते म्हणाले. "सरळ सांग न मंग."

इतक्या वर्षांत मला इतकं सरळ सांगता आलं नव्हतं. ते पाणी त्यांनी उचलून अंगणातल्या कढीलिंबाच्या बुडाशी टाकलं. बापलेक म्हणून आम्ही एकत्र केलेलं ते एकच काम. लहानपणी मी त्यांच्यासोबत वावरात गेलो की उन्हाने रडायचो, आणि ते मला बांधावरच्या झाडाखाली बसवून ठेवायचे. पन्नाशीला आल्यावर मला त्यांच्या शेजारी उकिडवं बसून काम करायला मिळालं, आणि मी सुखात होतो. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

पावसाळा लागला आणि टाकीतली झाडं बहरली. पिवळी पात हिरवी झाली, पालकाची पानं पाण्याबाहेर डोकावू लागली. मी सहकाऱ्यांना घरी बोलावून दाखवत होतो आणि बंद डब्याच्या फिल्टरचे गुण गात होतो. बाबा खुर्चीत बसून ऐकायचे. त्यांचं विसरणं त्या काळात वाढलं होतं. जेवले की नाही ते आठवायचं नाही, गोळी घेतली की नाही ते कळायचं नाही. तुझी आई कधी येणार, असंही एकदोनदा विचारलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते पेन्सिलने बारीक ठिपके द्यायचे. गोळीचे असतील असं मी धरून चाललो.

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. नगरपालिकेचं पाणी तीन दिवसांनी आलं होतं, आणि भरपूर आलं होतं. बायकोने सगळं घर अंगणात काढलं. पंख्याची पाती, कूलरच्या जाळ्या, मच्छरदाण्या, देवघरातली तांब्याची भांडी. माझ्या हातात पाइप होता. एकेक वस्तू समोर यायची, मी धुवायचो आणि उन्हात ठेवायचो. त्या रांगेत मी फिल्टरचा डबाही आणून ठेवला. भाऊबीजेला बहिणीकडची मंडळी येणार होती, त्यांना टाकी दाखवायची होती, आणि डबा हिरवट मेणचट दिसत होता. मी पाइप लावला. स्पंज पिळून पिळून कापसासारखा पांढरा केला. चिनी मातीच्या नळ्या चाळणीत घेऊन तांदळासारख्या धुतल्या. पावसाळा नुकताच संपला होता, पाण्याला ब्लीचिंगचा वास इतका होता की नाकात चुरचुरत होतं. मी विज्ञान शिकवतो. मला सगळं माहीत होतं, आणि धुताना माझ्या मनात त्यातलं काहीही आलं नाही. दिवाळीची साफसफाई चालली होती, एवढंच डोक्यात होतं. बाबा बादली घेऊन उभे होते. आज खंगाळायचं नाही का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आज चांगलं धुतोय, तुम्ही बसा. ते रिकामी बादली ठेवून आत गेले.

मंगळवारी सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. बुधवारी मी शाळेतून आलो तेव्हा सगळे वर तरंगत होते. गप्पी, काळ्या मोली, तळाशी चरणारे दोन मिशीवाले, सगळे. पाण्याला उग्र वास होता. मी काय चुकलं ते शोधायला कपाट उघडलं, आणि नळ्यांच्या मागे मला मलमाची एक छोटी बाटली सापडली. तिच्यात पांढरे दाणे होते. मी दोन दाणे तळहातावर घेऊन ओलं बोट लावलं. गार लागलं. युरिया होता.

बाबांना विचारलं. त्यांनी लगेच कबूल केलं, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. पात पिवळी पडली होती, म्हणून चिमूटभर टाकत होतो, वावरात कपाशीच्या पऱ्हाटीला टाकतो तसं. मच्छ्यांना काय होणार, असं म्हणत ते उठून टाकीजवळ आले आणि मेलेल्या माशांकडे पाहू लागले. युरियाचा पाण्यात अमोनिया होतो. मला उत्तर मिळालं होतं. माझा आवाज चढला तो मलाही आवरेना.

"तुमच्या हातानं काईच जगत नाई बाबा," मी म्हणालो. "आई बी अशीच गेली."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. खुर्ची उचलून भिंतीशी नेली, टाकीकडे पाठ करून ठेवली आणि तिच्यावर बसले. मी जाळीने मासे काढत होतो आणि माझा राग अजून शाबूत होता. बरोबर बोललो असंच मला वाटत होतं. त्या दिवसापासून त्यांनी टाकीला हात लावला नाही. बोलणंही कामापुरतं राहिलं.

नवीन वर्षाचं कॅलेंडर लावायला मी जुनं खिळ्यावरून काढलं. पानं सहज चाळली. पेन्सिलचे ठिपके प्रत्येक तारखेवर नव्हते, फक्त सोमवारांवर होते. जुलैचे सगळे सोमवार, ऑगस्टचे, सप्टेंबरचे, ऑक्टोबरचे. विसरायला होतं म्हणून त्यांनी खूण ठेवली होती. एकही सोमवार दोनदा नाही, एकही सुटलेला नाही. शेवटचा ठिपका होता मासे मेले त्याच आठवड्यातल्या सोमवारी. त्यानंतर पानं कोरी होती.

मी स्टुलावर उभा होतो, तिथेच बसलो. म्हणजे जुलैपासून दर सोमवारी टाकीत युरिया पडत होता आणि एकही मासा मेला नव्हता. त्यातून होणारा अमोनिया खालचा फिल्टर मुकाट्याने पचवत होता, झाडं तो खाऊन वाढत होती, आणि त्याचं श्रेय मी घेत फिरत होतो. त्या एका सोमवारी काय वेगळं होतं? आदल्या दिवशी मी पाइप लावून त्या डब्यातला जीव धुऊन काढला होता. बाबांची चिमूट तेवढीच होती. मासे मी मारले होते. फळ्यावर हे चक्र काढताना वर्षानुवर्षं मी मुलांना, चुकलात तर कानाखाली वाजवीन, अशी धमकी देत आलो आहे.

मी कॅलेंडर घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. ठिपके दाखवले. सगळं सांगितलं.

"मच्छ्या म्या मारल्या बाबा. तुमी नाई. तुमचा काई दोष नोहता," मी म्हणालो. आईबद्दल बोललो तेही चूक होतं, म्हणालो.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. माझ्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला आणि मध्येच मागे घेतला. "हो हो," म्हणाले. मला रडू आलं, आणि ते आलं याचं बरंही वाटलं. आता सुटलो, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोला विचारलं, माझ्या हातून मच्छ्या मेल्या ना? मी धावत जाऊन पुन्हा सगळं सांगितलं. पुन्हा हो हो. संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न. आठवडाभर मी रोज सांगितलं, मग चिठ्ठी लिहून भिंतीला चिकटवली. ते ती मोठ्याने वाचायचे आणि ही कोणी लिहिली म्हणून विचारायचे. माझं समजावणं रात्रीपर्यंत पुसून जायचं. माझं ते एक वाक्य मात्र कुठेतरी खोल जाऊन बसलं होतं, तिथे माझा हात पोचत नव्हता.

त्याला आता बरेच महिने झाले. गावचं घर ते विसरले. वावर कोणत्या अंगाला आहे ते विसरले. आई गेली हेही विसरले. ती बाजारातून यायची आहे असं त्यांना वाटतं, आणि आम्ही आता दुरुस्त करत नाही. मी कोण, तेही बहुतेक दिवशी त्यांना माहीत नसतं. मास्तर दिसता तुम्ही, असं म्हणतात. टाकीत मी पुन्हा मासे सोडलेले नाहीत. फिल्टर मात्र चालू ठेवतो, दीड महिन्याने उघडतो, टाकीच्याच पाण्यात स्पंज पिळतो. बादली मीच धरतो आणि मीच ओततो. स्पंज पुन्हा तपकिरी झाला आहे.

मागच्या सोमवारी मी ती बादली घेऊन अंगणात आलो. बाबा कढीलिंबाजवळ उभे होते, हात पाठीमागे. मी बादली त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, टाका बाबा, तुम्हीच टाकत होता. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अनोळखी माणसाशी बोलावं तसं अदबीने बोलले.

"तुमीच टाका मास्तर. माह्या हातानं काई जगत नाई."

मी बादली खाली ठेवली. असं कोण म्हणालं, मी विचारलं. एकदा तरी त्यांनी माझं नाव घ्यावं, माझ्यावर ओरडावं, एवढंच मला हवं होतं.

"कोणी सांगाले काऊन पाह्यजे?" ते म्हणाले. "मले मालूम हाय."